घाटाचा राजा कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

‘सायकल चालवायची तालीम? आणि पगार कोण देणार?’

गेल्या दिवाळीत मी जुनी गिअरची सायकल घरी आणली तेव्हा बाबांनी हा प्रश्न विचारला. आई हसली, शेजारचे काका हसले, मीही हसलो. पण त्या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर देऊ शकलेलो नाही. उत्तर शोधताना जे काही डोक्यात आले ते वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हा खटाटोप. सायकलीवर लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

आधी तालीम कसली ते सांगतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा एक प्रकार आहे. त्याला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, पण ठाण्या-कल्याणची बरीच मंडळी आता तो सहज वापरतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ४०० किलोमीटर सत्तावीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. हाती एक कार्ड मिळते, त्यावर ठरलेल्या ठिकाणी नोंद करायची आणि वेळेत परत यायचे. पंक्चर झाले तर स्वतः काढायचे, भूक लागली तर स्वतः सोय करायची, मागे मदतीची गाडी ठेवायची नाही. मी यंदाच्या हिवाळ्यात ३०० किलोमीटरची तयारी करतो आहे. ठाण्याहून निघायचे, कसाऱ्याचा घाट चढायचा, नाशिक गाठायचे आणि परत. तासाला पंधरा किलोमीटरची सरासरी राखली की झाले. कागदावर हे फारच सोपे दिसते!

माझी सायकल ‘माउंटन’ म्हणतात त्या जातीची आहे. जाड टायर, पुढे स्प्रिंगचे फोर्क, हलवून पाहिली तर गव्हाच्या पिठाच्या पिशव्या बांधल्यासारखी जड. डांबरी रस्त्यावर लांब जायला ही सायकल योग्य नाही, हे मला दुकानदारानेच प्रामाणिकपणे सांगितले होते. पण पेपरची लाइन टाकून साठवलेल्या सहा हजारांत दुसरी येत नव्हती. सुरुवातीला इतरांच्या हलक्या, बारीक टायरच्या सायकली पाहून मला फार न्यूनगंड वाटे. मग या माउंटन सायकलीचा जन्म कसा झाला ते वाचनात आले आणि बराच धीर आला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही तरुणांनी भंगारात पडलेल्या जुन्या, जाड टायरच्या, अवजड सायकली गोळा केल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्ये असतो तो पायाचा ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापे की आतले वंगण जळून धूर निघे. खाली आले की हब खोलून पुन्हा वंगण भरावे लागे. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. आज ज्या सायकलींच्या किमती लाखात जातात त्यांची आजी ही अशी भंगारातली! हे वाचल्यापासून मी माझ्या सायकलीशी जरा आदराने वागतो.

गिअरचीही गंमतच आहे. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे गिअर १९३७ पर्यंत वापरूच देत नसत. आल्प्स आणि पिरेनीजचे घाट लोक एकाच गिअरवर चढत, आणि जमले नाही की सरळ उतरून ढकलत. १९१० साली पिरेनीजचे मोठे घाट शर्यतीत प्रथम घेतले, तेव्हा ऑक्ताव्ह लापीझ नावाच्या सायकलपटूने वाटेत भेटलेल्या संयोजकांना चक्क ‘खुनी’ म्हणून शिवी हासडली. त्या दिवशी तोही सायकल ढकलत चढला होता. आणि त्या वर्षीची टूर जिंकली कोणी? त्यानेच.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्याकडे चढावर उतरून सायकल ढकलणाऱ्याला हसतात. पहिल्यांदा मी माळशेजला गेलो तेव्हा मलाही हसले. शहाड, म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली, मुरबाड असा रस्ता. सरळगावपर्यंत मी गाणी म्हणत होतो. टोकावड्याला गाणी थांबली. मोरोशीला भैरवगडाचा कडा डोक्यावर आला आणि घाटाच्या दुसऱ्याच वळणावर पायांनी असहकार पुकारला. मी उतरलो. मोटारसायकलवरून जाणाऱ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या वेळी मला वाटले, कुठून ही अवदसा आठवली! घरी येऊन हे सांगितले तर बाबा शांतपणे म्हणाले, ‘चढ आला की उतरायचं असतं. गुडघे एकदाच मिळतात.’ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक विचार मनात आला तो लिहून पुढे जातो. इथून जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल त्याच वाटेने जुन्नरला जाई. तिथला जकातीचा दगडी रांजण आपण सहलीला गेलो की फोटोसाठी वापरतो. ती ओझी ज्या माणसांनी आणि जनावरांनी वर चढवली त्यांच्याविषयी शिलालेखात काय असणार? लेख राण्यांचे आणि राजांचे असतात.

आता बाबांविषयी. बाबांनी बावीस वर्षे डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरी केली आणि बावीस वर्षे कोळसेवाडीहून सायकलने गेले. नेतिवली, टाटा पॉवर, मानपाडा. रोजचे जाऊन-येऊन तेरा किलोमीटर धरा. वर्षाला तीनशे दिवस. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला, तो ८५,८०० किलोमीटर निघाला. पृथ्वीच्या पोटाला दोनदा वळसा घालून वर थोडे उरते! १९२३ साली मुंबईतून निघून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण सायकलवरून जगाची फेरी करून १९२८ साली परतले. त्यांचा प्रवास सुमारे ७१ हजार किलोमीटरचा होता. अर्थात ते वाळवंटातून आणि बर्फातून गेले. बाबा शिळ रस्त्याच्या खड्ड्यांतून, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून आणि डंपरच्या शेजारून गेले. तुलना बरोबर नाही हे मला कळते, तरी ती केल्याशिवाय राहवत नाही.

बाबांची सायकल काळी, चोवीस इंची, दांड्याच्या ब्रेकची होती. कॅरिअरवर जेवणाचा डबा आणि पावसाळ्यात इरल्यासारखी घडी केलेली प्लॅस्टिकची शीट. रविवारी ते चाकांचा आउट काढत, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन ठेवत आणि मला पेडल फिरवायला बसवत. त्यांच्या तरुणपणी गावात सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला घ्यावा लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडत, असे ते सांगत. मला ते सगळे फार कंटाळवाणे वाटे. याहून वाईट एक गोष्ट आहे. लिहावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी माझा एक दाखला घरी राहिला. बाबा रात्रपाळी करून आले होते. ते तसेच सायकलवर टांग मारून दाखला घेऊन आले. मी फाटकापाशी नव्या मित्रांबरोबर उभा होतो. मी पुढे झालो, दाखला घेतला आणि हळूच म्हटले, ‘बाबा, पुढच्या वेळी रिक्षाने या ना.’ ते ‘बरं’ म्हणाले. पुढची वेळ आलीच नाही. त्यानंतर वर्षभरात त्यांनी ती सायकल भंगारवाल्याला दिली. गुडघे दुखतात हे कारण सांगितले, आणि ते खोटे नसावे. पण त्या ‘बरं’चा आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि आता पाहा. मी डोक्यावर हेल्मेट आणि अंगात चमकणारे जाकीट घालून त्याच नेतिवलीच्या रस्त्याने जातो, तर चाळीतले लोक कौतुक करतात. ‘फिटनेस चांगला ठेवलास हं!’ चहाच्या टपरीवर परके लोक सायकलची किंमत विचारतात. रस्ता तोच, घाम तोच, घराणेही तेच. बाबांना बावीस वर्षांत एकानेही असे म्हटले नाही. मला एका वर्षात पन्नासांनी म्हटले. ज्याला मोटार परवडते तो सायकलवर बसला तर तो छंद, आणि ज्याला परवडत नाही तो बसला तर ती त्याची पायरी. ही आपल्याकडची रीत आहे आणि माझे सारे म्हणणे तिच्याविरुद्ध आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत महाराष्ट्राने नाव काढले आहे, हे सांगताना मला अभिमानच वाटतो. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या गटात पुरी केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. तेही त्या वेळी नाशिकलाच होते. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही बारा दिवसांच्या आत ती पुरी केली. गोकुळनाथ सैन्यात डॉक्टर. म्हणजे चौघेही डॉक्टर! सायकलवर बसण्यापूर्वी एम.बी.बी.एस. व्हावे लागते की काय, अशी शंका मला आली होती. पण गमतीची गोष्ट सोडून देऊ. या शर्यतीत स्वाराच्या मागे गाड्या असतात. त्यांत जेवण देणारे, मालिश करणारे, रस्ता दाखवणारे, ‘आता झोप’ म्हणून जबरदस्तीने झोपवणारे लोक असतात. कसारा लोकलने गेलेल्यांना बँकर इंजिन ठाऊक असेल. कसारा ते इगतपुरी रेल्वेचा चढ सदतिसास एक असा आहे, म्हणून तिथे गाडीला जादा इंजिन लावून मागून रेटा द्यावा लागतो. माणसालाही घाटात असा रेटा लागतो. त्यात कमीपणा काहीच नाही. तो सगळ्यांना मिळत नाही, एवढेच.

२०२० सालच्या मे महिन्यात मी आठवीतून नववीत जाणारा मुलगा होतो. शाळा बंद झाल्या तशी आई मला खर्डीजवळ तिच्या माहेरी घेऊन गेली होती आणि टाळेबंदीत आम्ही तिथेच अडकलो. आग्रा रोड गावापासून हाकेच्या अंतरावर. त्या रस्त्यावरून आम्ही आधी चालणारी माणसे पाहिली आणि मग सायकलवाले. भिवंडीच्या यंत्रमागांवरचे, ठाण्या-मुंबईच्या बांधकामांवरचे. गोरखपूर, बस्ती, प्रयागराज अशी नावे ते सांगत. मला तेव्हा ती कुठे आहेत हेही नीट माहीत नव्हते. भिवंडीपासून गोरखपूर दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे हे मी पुढे नकाशात पाहिले. काहींच्या सायकली कोऱ्या होत्या, हँडलचे प्लॅस्टिकही काढलेले नव्हते. काहींच्या बाबांच्या सायकलीसारख्या काळ्या. कॅरिअरवर बोचके, पुढे बादली, बादलीत भांडी. मामाने एकाची तुटलेली चेन जोडून दिली. त्या माणसाने पैसे विचारले. मामा ‘नको’ म्हणाला तर त्याने बोचक्यातून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला. आजी मामाला ओरडली, ‘अरे, घेतोस काय त्याच्याकडनं!’ मग तिने चार भाकऱ्या आणि तिखटाची पुडी बांधून दिली. तो गेला. पुढे कसाऱ्याचा घाट होता. दुपारचे दोन वाजले असतील.

त्याच महिन्यात ज्योती कुमारी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने जखमी वडिलांना कॅरिअरवर बसवून गुरुग्रामहून बिहारमध्ये दरभंग्याला नेले. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. वर्तमानपत्रांत तिचे खूप कौतुक झाले, सायकल महासंघाने तिला चाचणीसाठी बोलावणे धाडले, पुढे राष्ट्रीय बालपुरस्कारही मिळाला. १,२०० किलोमीटर म्हणजे १८९१ सालापासूनच्या प्रसिद्ध पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस स्वारीचे अंतर. ती नव्वद तासांत पुरी करण्यासाठी लोक चार चार वर्षे तयारी करतात. ज्योतीचे कौतुक व्हायलाच हवे होते, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्या कौतुकात मला थोडी पळवाटही दिसते. तिला खेळाडू म्हटले की तिच्यावर ही वेळ का आली, हा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. आणि जी हजारो माणसे कसारा चढून गेली त्यांना खेळाडू तरी कोणी म्हटले? त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. १९५१ सालापासून गरिबाच्या दारात सायकल पोचवणाऱ्या कंपनीचा तो चालू असलेला शेवटचा कारखाना. त्या बातमीने बाबा हळहळले होते. मला त्यात विशेष काही वाटले नव्हते.

यावर माझा एक मित्र म्हणतो, ‘तू दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ करतोस. खेळ हा खेळ आणि पोट हे पोट.’ त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मी बाबांनाच विचारले. माझ्या बोलण्यात थोडा आवेश होता. मी म्हटले, ‘बाबा, तुम्हीच खरे सायकलपटू.’ त्यांना ते आवडेल असे वाटले होते. ते म्हणाले, ‘वेडा आहेस. तुला दम लागला तर तू थांबू शकतोस. मला थांबता येत नव्हतं. त्याला खेळ म्हणत नाहीत.’

या उत्तराने माझा लेखच मोडला. मला वाटत होते की बाबांना सायकलपटू म्हटले की त्यांचा मान त्यांना परत मिळेल. आता वाटते, तो मान उसना होता. मजुराचा गौरव करायला त्याला खेळाडूचे कपडे चढवायची गरज नाही. त्याला रस्त्यावर जागा द्यावी. ती त्याला आहे कुठे? कल्याण-शिळ रस्ता दर काही वर्षांनी रुंद होतो, पण त्यात सायकलला वीतभर पट्टी निघत नाही. कामावर सायकलने जाणारा आजही डंपर आणि गटार यांच्यामधल्या फटीतून जातो. मी हौसेने सायकल चालवणारा, मला पहाटे चारला रिकाम्या रस्त्याने जाण्याची चैन आहे. मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत नेवाळी नाक्यावरून जाऊन येतो तेव्हा परतीला सात वाजता मला हे सायकलवाले समोरून येताना दिसतात. ठाण्याला उपवनहून येऊरचा चढ चढायला रविवारी गर्दी होते. ती मंडळी मनाने चांगली आहेत. त्यांतल्या एकाने मला न मागता पुढचा दिवा वापरायला दिला आणि पंक्चर काढण्याचे सामानही. पण याच मंडळींचे म्हणणे पालिकेत ऐकले जाते. त्यांनी तलावाभोवती फिरायला सुंदर मार्ग मागण्याऐवजी एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या रस्त्यावर पट्टी मागावी, एवढी माझी त्यांना विनंती आहे.

दुसरी विनंती आपल्याच घरी. आपल्या महाविद्यालयात मोटारसायकलींसाठी पत्र्याची छान शेड आहे. सायकली कुंपणाला टेकवून ठेवाव्या लागतात. मागे एकदा मोजल्या, अकरा होत्या. दहा जणांची जागा दिली तरी पुरे, अकरावी मी भिंतीला लावीन! जिमखान्याच्या यादीत कॅरम आणि बुद्धिबळ आहे, पण सायकल नाही. एके काळी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खंडाळ्याचा घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत, आणि महाराष्ट्रातली साध्या घरांतली कितीतरी मुले त्या किताबासाठी जीव टाकत. आपल्या वर्गात शहापूर-मुरबाडहून येणारी मुले आहेत. त्यांच्या पायांत काय ताकद आहे ते त्यांनाही ठाऊक नसेल.

तयारीचे म्हणाल तर चालली आहे. कसारा मी दोनदा चढलो, एकदा ढकलत आणि एकदा जवळजवळ न उतरता. इगतपुरीला पोचल्यावर थंड वारा लागला तेव्हा फार बरे वाटले. खिशात महागडे पौष्टिक पुडे नसतात. आई शेंगदाणे आणि गूळ कुटून लाडू देते, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. खर्डीला मामा रस्त्यावर येऊन उभा राहतो. नियमाने मागे गाडी चालत नाही, पण मामा रस्त्यात उभा राहिला तर चालत असावे.

परवा रात्री अभ्यास करताना बाहेर खडखड ऐकू आली. बाबा ओट्यावर दिवा लावून माझी सायकल उलटी करून बसले होते. मागच्या चाकाला आउट होता. मी गेलो तर म्हणाले, ‘तुमच्या या गिअरला काय लागतं ते मला कळत नाही. पण आरी ढिली आहे, ती ढिलीच.’ मी खाली बसलो आणि पेडल फिरवू लागलो.